घोडा गेला, वीज आली: मुंबईच्या ट्रामची नव्वद वर्षं

९ मे १८७४ रोजी मुंबईत पहिली ट्राम धावली. स्टर्न्स अँड किट्रिज कंपनीच्या या गाड्या कुलाबा आणि बोरीबंदरहून पायधुणीपर्यंत जात. प्रवाशांनी भरलेला डबा एक-दोन घोडे ओढून नेत, ते रुळांमुळे. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरताना दोन्ही अगदी थोडे दबतात, त्यामुळे वाया जाणारी ऊर्जाही थोडीच.

घोडा मात्र थकतो. त्याला विश्रांती हवी, आणि काम असो-नसो, दाणावैरण रोजची. कंपनीच्या पागेत सुमारे ९०० घोडे होते असं सांगतात. गाड्या वाढवायच्या तर आधी पागा वाढवावी लागे.

यातून वाट काढली विजेने. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम सुरू झाली. डोक्यावरच्या तारेतून आलेली वीज छतावरच्या दांड्यावाटे मोटरला मिळे आणि रुळांतून परत जाई. म्हणजे रूळ ही गाडीची वाट होती आणि विजेचीही. त्या काळच्या ट्राममध्ये डीसी सिरीज मोटर असे. उभी गाडी हलवायला सर्वाधिक जोर लागतो आणि ही मोटर नेमका सुरुवातीलाच सर्वाधिक जोर देते. दर थोड्या अंतरावर थांबणाऱ्या वाहनाला याहून सोयीची मोटर त्या वेळी नव्हती. सुरुवातीचा प्रवाह बेसुमार वाढू नये म्हणून चालक मूठ फिरवून मंडलातला रोध टप्प्याटप्प्याने कमी करी.

गर्दी वाढत गेली, तशी १९२० मध्ये दुमजली ट्राम आली. रस्त्यावर तेवढीच जागा अडवून ती कितीतरी जास्त माणसं नेऊ लागली.

१९२६ मध्ये मोटरबस आली. रबरी टायरला रस्त्यावर ऊर्जा जास्त लागते, पण बस अडथळ्याला वळसा घालू शकते. ट्रामपुढे एखादी गाडी बंद पडली, तर मागच्या सगळ्या ट्राम खोळंबत. मोटारींची गर्दी वाढत गेली आणि ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धावली.

पॅरिसनेही १९३०च्या दशकात शहरातली ट्राम मोडीत काढली होती. तिथल्या परिसरात १९९२ पासून ती परतली, बहुतांश मार्गावर स्वतःची राखीव वाट घेऊन. ट्रामचं तंत्र मुंबईतही कमी पडलं नव्हतं. कमी पडली ती मोकळी वाट. आपल्या शहरांत ट्राम असो वा बस, सार्वजनिक वाहनासाठी रस्त्यावर आधी जागा राखून ठेवायला हवी.