जुनी मोटारवाहने : जतन व पुनरुद्धार

उत्पादन बंद झालेल्या मोटारगाड्या व मोटारसायकली केवळ उपयोगासाठी नव्हे, तर त्यांच्याशी निगडित असलेल्या स्मृतींसाठी मिळविणे, दुरुस्त करून मूळ रूपात आणणे व चालत्या स्थितीत राखणे, हा विसाव्या शतकात रूढ झालेला छंद होय. त्याचा उगम मुख्यत्वे इंग्लंडमध्ये झाला. मोटारींवरील जाचक वेगमर्यादा शिथिल झाल्याच्या आनंदात 14 नोव्हेंबर 1896 रोजी लंडन ते ब्रायटन अशी फेरी काढण्यात आली होती; तिच्या स्मरणार्थ 1927 पासून निघणाऱ्या फेरीत 1905 पूर्वीच्याच गाड्यांना प्रवेश मिळतो. 1919 ते 1930 या काळातील गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणतात. ‘क्लासिक’ ही संज्ञा मात्र बरीच सैल आहे. 1966 मध्ये स्थापन झालेला जुन्या वाहनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ किमान 30 वर्षे जुन्या व मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनास ऐतिहासिक मानतो.

भारतात या छंदाचा विचार बहुधा संस्थानिकांच्या मोटारींवरून केला जातो. कोल्हापूरच्या छत्रपतींची मायबाख मोटार दसऱ्याच्या सोहळ्यात लोक कौतुकाने पाहतात. दिल्लीत 1964 पासून स्टेट्समन वृत्तपत्राने जुन्या मोटारींच्या फेऱ्या भरविल्या. परंतु सामान्य माणसाची जुन्या वाहनाविषयीची ओढ समजून घ्यावयाची, तर राजवाड्यापेक्षा तालुक्याच्या गावाकडे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

बालाघाटाच्या पठारावर, नांदेड-लातूर मार्गावर वसलेले अहमदपूर हे असे एक गाव. 1956 पर्यंत ते हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते, नंतर उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि 1982 पासून ते लातूर जिल्ह्यात आहे. हैदराबाद संस्थानात 1932 मध्ये अवघ्या 27 बसगाड्यांनिशी सरकारी मोटार वाहतूक सुरू झाली. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत त्यानंतरही दीर्घकाळ बैलगाडी व सायकल हीच घरची वाहने होती. त्यामुळे येथे दारात आलेली पहिली मोटारसायकल हा कुटुंबाच्या इतिहासातील टप्पाच ठरे. कारखान्यांचे उत्पादन परवान्यांनी बांधलेले असल्याने 1970 च्या दशकात बजाज स्कूटरसाठी नाव नोंदवून अनेक वर्षे वाट पाहावी लागे. एवढ्या प्रतीक्षेनंतर आलेले वाहन सहसा विकले जात नसे. डॉक्टर, शिक्षक, दूधवाले यांच्या दिनक्रमात ते मिसळून जाई व आवाजावरून मालक ओळखला जाई. पुढे नातवाने गोठ्यातून बाहेर काढलेल्या राजदूतची किंमत या कारणाने भंगाराच्या वजनावर ठरत नाही.

या पिढीच्या वाहनांपैकी जावा व येझदी यांना छंदिष्टांमध्ये विशेष मान आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात चेकोस्लोव्हाकियाच्या तंत्रसाहाय्याने त्या तयार होत. 1996 मध्ये हा कारखाना बंद पडला. त्यांत किक मारण्याचा व गिअर बदलण्याचा दांडा एकच असतो. एंजिन दोन धावांचे असल्याने पेट्रोलमध्येच वंगण तेल मिसळावे लागते. निळसर धूर व ठरावीक ठेक्याचा आवाज ही त्यांची खूण. एंजिनाची रचना साधी असल्याने गावातील मिस्त्री ते उघडू शकतो, ही गोष्ट त्यांच्या टिकून राहण्याचे खरे कारण मानावी लागेल. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या आजच्या गाड्या पन्नास वर्षांनी कोणी अशा उघडू शकेल किंवा नाही, याविषयी शंका वाटते.

पुनरुद्धारात प्रथम सर्व भाग सुटे करून त्यांची छायाचित्रे घेतात. झिजलेला सिलिंडर लेथवर मोठा करून त्यात थोड्या मोठ्या व्यासाचा दट्ट्या बसवितात. टाकीच्या आतील गंज काढणे कष्टाचे असते. दुर्मिळ सुटे भाग मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार अशा ठिकाणी धुंडाळावे लागतात. इंधनाची अडचण अलीकडची आहे : 20 टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुने रबरी भाग लवकर खराब होतात, तसेच इथेनॉल पाणी शोषून घेत असल्याने टाकी गंजते. लातूर परिसर उसाचा, आणि इथेनॉलही उसापासून होते, हा योगायोग मौजेचा खरा.

अतिउत्साहाने केलेला पुनरुद्धार मात्र घातक ठरतो. मूळ रंग खरवडून भडक रंग दिला, चकचकीत क्रोम चढविले, की वाहन नवे दिसते. पण कारखान्याचा रंगलेप व मालकाने केलेल्या दुरुस्त्यांच्या खुणा हा पुरावा कायमचा पुसला जातो. टाकीवरील पोचा राहू द्यावा, हे मत आता जाणकारांत मान्य होऊ लागले आहे.

खरी कसोटी कागदपत्रांची असते. खाजगी वाहनाची नोंदणी 15 वर्षांनी संपते व पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. आजोबा वारलेले, नोंदणी त्यांच्याच नावावर आणि पुस्तिका हरवलेली, अशा स्थितीत वाहन चालू होते, पण रस्त्यावर येऊ शकत नाही. केंद्र सरकारने 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. प्रथम नोंदणीपासून 50 वर्षे उलटलेल्या, सांगाडा, बांधणी वा एंजिन यांत मोठा बदल न झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ते लागू होतात. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून प्रमाणपत्र दहा वर्षे चालते. जुना क्रमांक असलेल्यांना तो ठेवता येतो. नियमित वाहतुकीस अशी वाहने वापरता येत नाहीत. आंतरराष्ट्रीय महासंघाची 30 वर्षांची मर्यादा व भारतातील 50 वर्षांची मर्यादा यांमधील वीस वर्षांत अनेक सामान्य वाहने भंगारात जातात. मुंबईच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीला तर तेवढाही काळ मिळाला नाही. शेवटच्या गाडीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली. 1985 मध्ये अहमदपूरच्या एखाद्या घरी आलेल्या येझदीस व्हिंटेज हा दर्जा 2035 पूर्वी मिळू शकत नाही. तोवर तिची नोंदणी जिवंत ठेवणे घरच्यांच्याच हाती आहे.