काढा पाहू पुढाऱ्याचे चित्र!

‘मुलांना राजकारणातले काय कळते?’ असे आपण सहज म्हणून जातो. तोंडी विचारले तर मूल बाईंना आवडेल तेच उत्तर देते. पण कोरा कागद आणि रंगपेटी हाती द्या. पांढरी टोपी, मोटार, माईक, हात जोडून उभे असलेले लोक, जे मनात बसले असेल ते कागदावर उतरते.

अमेरिकेत पाच महिला राज्यशास्त्रज्ञांनी प्राथमिक शाळेतील १,६०० हून अधिक मुलांकडून राजकीय नेत्याची चित्रे काढून घेतली. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलग्यांनी बहुतेक पुरुषच काढले, यात नवल नाही. लहान मुली मात्र पुष्कळदा बाई काढत, आणि वय वाढेल तशी ती बाई चित्रातून कमी होत गेली. नागरिकशास्त्राबरोबर ‘हे आपले काम नव्हे’ हेही त्या शिकत होत्या!

आपल्याकडे १९९३ पासून पंचायतींत स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा राखीव आहेत. महाराष्ट्रात तर निम्म्या. तेव्हा गावातल्या मुलांनी सरपंचबाई पाहिलेल्या असतात. पण एखाद्या मुलीने खुर्चीत बाई आणि बोलताना शेजारचा नवरा काढला, तर त्या चित्रावर अख्खा तास खर्च करावा.

हा प्रयोग कोणत्याही वर्गात होईल. फक्त सूचना जपून द्या. ‘पुढारी’, ‘नेता’ म्हटले की आपल्या भाषेत पुरुषच उभा राहतो. त्याऐवजी ‘लोकांचा कारभार पाहणारी व्यक्ती कामात असताना काढा’ असे सांगा. गुण देऊ नका, चित्र भिंतीवर लावू नका, ‘हा कोणत्या पक्षाचा?’ असे तर मुळीच विचारू नका. ‘इथे काय चालले आहे?’ एवढेच विचारा आणि ऐका.

शिक्षकांना धास्ती वाटते, हे समजण्यासारखे आहे. २०१२ मध्ये एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकातील एका व्यंगचित्रावरून थेट संसदेत गदारोळ झाला होता. पण मुलाने पुढाऱ्याच्या हाती नोटांची पिशवी काढली, म्हणून त्याला दटावण्यात काय अर्थ? ती त्याने कुठे पाहिली, ते विचारावे. उत्तर बहुधा घरातच सापडते. जेवताना आपण जे बोलतो, ते मुले ऐकत असतात.

पाचवीतली चित्रे जपून ठेवा. तीच मुले आठवीत गेली की पुन्हा काढायला सांगा आणि दोन्ही कागद त्यांच्याच हाती द्या.