ज्या नळीत काहीच घडत नाही

कच्च्या बटाट्याचा तुकडा परीक्षानळीत टाकून त्यावर पातळ हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले की पाहता पाहता फेस वर चढतो. धुमसती उदबत्ती नळीच्या तोंडाशी नेली की ती उजळते. पेरॉक्साइडचे विघटन होऊन पाणी आणि ऑक्सिजन तयार होतात आणि बटाट्याच्या पेशींतले कॅटलेज नावाचे विकर या विघटनाला प्रचंड वेग देते. कॅटलेजचा एकेक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडतो. शाळेत हा प्रयोग बहुधा इथेच आटोपतो. फेस दिसला, उदबत्ती उजळली, जर्नलमध्ये ‘अनुमान’ उतरले. पण या एका नळीने विकराबद्दल जवळजवळ काहीच सिद्ध केलेले नसते. विकर समजते ते शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या नळीमुळे, जिच्यात काहीच घडत नाही किंवा अपेक्षेपेक्षा वेगळे घडते. ती नळी वगळली की प्रयोगाचे नुसते प्रात्यक्षिक उरते.

बटाट्याऐवजी चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड टाकून पाहावे. ही काळी पूड निव्वळ खनिज आहे, सजीवाशी तिचा काही संबंध नाही. तरीही फेस येतो आणि उदबत्तीही उजळते. म्हणजे फेसाने एवढेच कळले की तिथे कोणता तरी उत्प्रेरक आहे. आता ही पूड पाण्यात उकळून, थंड करून पुन्हा वापरली तर ती पूर्वीसारखेच काम करते. उकडून गार केलेला बटाटा मात्र पेरॉक्साइडमध्ये निमूट पडून राहतो. विकराचा स्वभाव इथे प्रथमच दिसतो. आणखी एक नळी घेऊन तिच्यातला बटाटा आणि पेरॉक्साइड दोन्ही बर्फात गार केले तर बुडबुडे मंदावतात, पण नळी खोलीच्या तापमानाला आली की पुन्हा जोर धरतात. गारठ्याने विकराचे काम मंदावले होते, विकर शाबूत होते. उकळल्याने मात्र ते कायमचे बिघडले. कारण विकर म्हणजे विशिष्ट घडी घातलेली प्रथिनाची साखळी. त्या घडीत तयार झालेल्या खाचेत पेरॉक्साइडचा रेणू बसतो आणि फुटतो. उष्णतेने घडी उलगडली की साखळी तीच राहते, खाच नाहीशी होते. तापमान वाढले की रासायनिक अभिक्रियेचा वेग वाढतो, हा नियम विकरांनाही लागू आहे. मात्र तेच तापमान एका टप्प्यानंतर विकरालाच मोडते. पुस्तकातला तो डोंगरासारखा आलेख या दोन गोष्टींच्या ओढाताणीतून येतो. तो पाठ करायला लावण्यापेक्षा चार नळ्या शेजारी शेजारी मांडणे मला जास्त प्रामाणिक शिक्षण वाटते.

लाळेच्या प्रयोगात ही गोष्ट आणखी ठळक होते. लाळेतले अमायलेज हे विकर स्टार्चचे तुकडे करून साखर बनवते. स्टार्च असेपर्यंत आयोडीनने गर्द निळा रंग येतो, स्टार्च संपले की येत नाही. हे वाचायला सोपे असले, तरी करताना त्यात तीन सापळे आहेत. गरम पाण्यात ठेवलेल्या नळीतच आयोडीन टाकले तर निळा रंग फिका पडतो किंवा दिसतच नाही. विद्यार्थी लिहितो की ऐंशी अंशांनाही विकर जोमात आहे. प्रत्यक्षात स्टार्च आणि आयोडीनची जोडीच उष्णतेने सुटलेली असते आणि नळी गार झाली की निळा रंग परततो. अल्कधर्मी माध्यम तपासायला सोडियम हायड्रॉक्साइड घातले तर आयोडीन त्याच्याशी अभिक्रिया करून रंगहीन होते. आम्ल म्हणून लिंबाचा रस घेतला तर त्यातले क जीवनसत्त्व आयोडीनचे आयोडाइड करून टाकते आणि रंग पुन्हा गायब! तिन्ही वेळा डोळ्यांना दिसते ते एकच, ‘स्टार्च पचले’. आणि तिन्ही वेळा स्टार्च जागच्या जागी असते. आयोडीनची चाचणी हीसुद्धा एक रासायनिक अभिक्रियाच आहे, तिच्याही काही अटी आहेत, ही गोष्ट आपण विसरलेलो असतो. ती उघडकीला आणायला महागडे उपकरण लागत नाही. सगळे तेच ठेवून लाळेऐवजी उकळून गार केलेली लाळ घातलेली एक नळी पुरते. तिच्यातही रंग आला नाही, तर श्रेय अमायलेजला देता येत नाही.

हा काटेकोरपणा केवळ शालेय शिस्तीचा भाग नव्हे. विकरांचे शास्त्र उभे राहिले तेच अशा नळ्यांवर. साखरेचे मद्य होण्यासाठी जिवंत यीस्ट लागतेच, असे लुई पाश्चरचे मत होते. 1897 मध्ये एडुआर्ड बुख्नर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटले, दाबाखाली त्याचा रस पिळून काढला आणि त्या पेशीविरहित रसात साखर घातल्यावर बुडबुडे येऊ लागले. रसात काही जिवंत अंश उरला असेल, ही शंका साहजिक होती. म्हणून त्यांनी रस बारीक गाळणीतून गाळला, त्यात पेशींना मारक असे क्लोरोफॉर्म मिसळले. तरी किण्वन चालूच राहिले. बुडबुड्यांनी कुतूहल जागे केले, विश्वास बसला तो या शंकानिरसनाने. 1907 चे रसायनशास्त्राचे नोबेल बुख्नर यांना मिळाले. पुढे 1926 मध्ये जेम्स समनर यांनी अबईच्या जातीच्या एका शेंगेच्या बियांतून युरिएज या विकराचे स्फटिक मिळवून विकर हे प्रथिन असल्याचे सांगितले, तेव्हाही नामांकित रसायनशास्त्रज्ञांनी शंका घेतली की प्रथिन हा नुसता वाहक असेल, खरे विकर त्याला चिकटलेले दुसरेच काही असेल. इतर विकरांचेही स्फटिक मिळाले, तेव्हा कुठे तो वाद मिटला.

आता आक्षेप. एका तासिकेत इतक्या नळ्या कशा व्हायच्या, हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. पण प्रत्येकाने सगळ्या नळ्या करण्याची गरज नाही. प्रत्येक गटाने एक अट घ्यावी आणि फळ्यावर एकच तक्ता भरावा. मग एकाच अटीत दोन गटांची निरीक्षणे का जुळत नाहीत, हा प्रश्नही आपोआप पुढे येतो. मुले गोंधळतील ही भीती एकदम पाच गोष्टी बदलल्या तरच खरी ठरते. दोन नळ्यांत एकच फरक असला की आठवीतले मूलही नीट तर्क करते. सुरक्षिततेचा मुद्दा मात्र पूर्ण मान्य करायला हवा. औषधाच्या दुकानातले पेरॉक्साइड शिक्षकांनीच आणखी पातळ करून द्यावे, डोळ्यांवर चष्मे असावेत आणि प्रत्येकाने स्वतःचीच लाळ हाताळावी. संगणकावर हाच प्रयोग स्वच्छ आणि झटपट होतो, असे कुणी म्हणेल. संकल्पना दाखवायला तो चांगला आहेच. परंतु पडद्यावरच्या नळीत कार्यक्रम लिहिणाऱ्याने जे घातले तेवढेच घडते. लिंबातले क जीवनसत्त्व तिथे आगाऊपणे येऊन आयोडीनचा रंग उडवत नाही. सर्वांत अवघड आक्षेप परीक्षेचा आहे. परीक्षकाला ठरलेले उत्तर हवे असते, म्हणून मुले आलेला रंग न लिहिता यायला हवा होता तो रंग लिहितात. हा दोष प्रयोगाचा नसून गुणांच्या वाटणीचा आहे. ‘अपेक्षित निष्कर्ष’ यासाठी राखलेले गुण ‘या निरीक्षणाचे आणखी कोणते कारण असू शकते, आणि ते तपासायला कोणती नळी लावाल’ या प्रश्नाला दिले, तर जर्नल खोटे लिहिण्याचे कारणच उरणार नाही.

प्रयोगशाळाच नाही, हेही पुष्कळ शाळांचे वास्तव आहे. तिथे एक वांगे पुरते. चिरलेले वांगे काळे पडते ते त्यातले विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने फिनॉल गटातल्या पदार्थांचे रूपांतर करते म्हणून. फोडींवर लिंबू पिळले की काळेपणा थांबतो. पण तो आम्लामुळे, की क जीवनसत्त्वामुळे? एका फोडीला लिंबू, दुसरीला व्हिनेगर, तिसरीला पाण्यात विरघळवलेली क जीवनसत्त्वाची गोळी, चौथी उकळत्या पाण्यातून काढलेली आणि पाचवी तशीच. आम्लात विकर मंदावते, तर क जीवनसत्त्व काळपट होऊ घातलेला पदार्थ पुन्हा पूर्वस्थितीत आणत राहते आणि त्यात स्वतः खर्च होते. म्हणून तिसरी फोड काही वेळ पांढरी राहून मग काळवंडू लागते, आणि गोळीचे प्रमाण वाढवले तर हा वेळही वाढतो.