माणसामागें वळणारा कॅमेरा

१९१८ सालीं कोल्हापुरांत बाबूराव पेंटर यांनीं आपले शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्यानें चलच्चित्रें घेण्याचा कॅमेरा स्वतः सिद्ध केला. पुढें १९२० सालीं त्यांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आला. त्या कॅमेऱ्याला वळविणारा हात आणि कोठें पाहावें हें ठरविणारें मन माणसाचेंच होतें. आतां यांतील बरेंचसें काम यंत्राकडे सोपवितां येतें. आमच्या तेल्हाऱ्यासारख्या गांवींही एखादा उत्साही विद्यार्थी असें यंत्र बांधूं शकेल; म्हणून त्याचें मर्म वाचकांपुढें मांडतों.

साहित्य थोडेंच लागतें: एक लहान कॅमेरा, खेळण्याच्या पत्त्याएवढा संगणक आणि कॅमेरा डावीउजवीकडे फिरविणारी मोटर. कॅमेरा सेकंदास वीस-पंचवीस चित्रें घेतो व संगणक त्यांत माणूस शोधतो. चित्राची रुंदी ६४० बिंदु धरली, तर मध्य ३२० वर येतो. माणूस ४०० वर दिसला, म्हणजे अंतर ८० चें. त्या मानानें मोटर त्या बाजूस वळते. नवशिका फसतो तो येथेंच. मोटर सदा एकाच वेगानें फिरविली, तर ती माणसाच्या पुढें जाते, पुनः मागें येते आणि चित्र लंबकाप्रमाणें हेलकावत राहतें. म्हणून अंतर कमी होईल तसा वेगही कमी करावा, व मध्याजवळच्या किंचित् हालचालीकडे दुर्लक्षच करावें.

इंद्रियाला मनाची जोड नसेल तर ज्ञान होत नाहीं, असें आपले नैयायिक सांगतात. कीर्तनाचें चित्र घेऊं लागतांच याचा प्रत्यय येईल. बुवा पुढेंमागें होतात, मध्येंच तबलजी नजरेंत येतो. यंत्राला दोघेही सारखेच. आरंभींच बुवा हें लक्ष्य नेमून द्यावें लागतें, आणि ते खांबाआड गेले तर जागच्या जागीं थांबण्याची शिस्तही लावावी लागते.

हेंच यंत्र घरांत आलें, म्हणजे प्रश्न नाजूक होतो. परगांवीं असलेला मुलगा वृद्ध आईच्या काळजीपोटीं असा कॅमेरा बसवील, हेतु चांगलाच. परंतु दिवसभर आपल्यामागें एक डोळा फिरत आहे, ही जाणीव तिला आधार देईल कीं संकोच, हें आधीं तिलाच विचारलें पाहिजे. कोणाकडे पाहावें हें यंत्राला शिकवितां येतें. केव्हां पाहूं नये, ही मर्यादा घरच्यांनींच सांभाळावयाची. ज्या माणसामागें कॅमेरा वळतो, त्याच्याच हातीं तो बंद करण्याची कळ असावी.