शनिवारवाड्यातली 'ती' हाक रात्रीची, खून मात्र दुपारचा!

पुण्यात शिकायला आलेल्या प्रत्येकाच्या कानावर पहिल्या सेमिस्टरमध्येच ही गोष्ट पडते. पौर्णिमेच्या रात्री शनिवारवाड्यातून 'काका, मला वाचवा' अशी हाक येते म्हणे. आमच्या हॉस्टेलवर ती ऐकलेला 'मित्राचा मित्र' दरवर्षी नवा असायचा.

हाक कुणाची? नारायणराव पेशव्यांची. पण मूळ घटना रात्रीची नाहीच. ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. भरदुपारी गारदी वाड्यात घुसले. निमित्त थकलेल्या पगाराचं. १८ वर्षांचे नारायणराव काका रघुनाथरावांच्या दालनाकडे धावले आणि त्यांना बिलगले. तुळाजी पवारने त्यांना ओढून काढलं. सेवक चापाजी टिळेकर मालकाच्या अंगावर आडवा पडला. सुमेरसिंग गारद्याने दोघांनाही ठार केलं. त्या दुपारी वाड्यात एकूण ११ जण मारले गेले, त्यांत दोन दासीही होत्या. त्यांची हाक मात्र कुणाला ऐकू येत नाही!

मग पौर्णिमा कुठून आली? तिथीनुसार ती दोनच दिवसांवर होती, कदाचित तिथूनच. अर्थात हा माझा अंदाज.

या कटाशी जोडलेली दुसरी दंतकथा म्हणजे 'ध'चा 'मा'. मूळ आदेशातलं 'धरावे' आनंदीबाईंनी 'मारावे' केलं, असं सांगतात. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी मात्र चौकशी करून थेट रघुनाथरावांनाच दोषी धरलं. देहांत प्रायश्चित्ताशिवाय मार्ग नाही, असं त्यांनी पेशवेपदावर बसलेल्या माणसाला तोंडावर सुनावलं आणि पुणं सोडलं.

आता मुख्य अडचण. पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी पाया घातलेला हा वाडा भुईकोट किल्ल्यासारखाच आहे: भक्कम तट, नऊ बुरूज आणि दिल्ली दरवाजावर हत्तींची धडक रोखणारे अणकुचीदार खिळे. आतले महाल मात्र लाकडी होते. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेली आग सात दिवस धुमसत राहिली आणि महाल खाक झाले. म्हणजे नारायणराव ज्या दालनात शिरले, ते जाऊन दोन शतकं होत आली. उरली ती जोती, कारंजी आणि तट.

बघायला जायचंच असेल तर रात्री तटाबाहेर ताटकळू नका. दुपारी तिकीट काढून आत जा आणि नारायण दरवाजा शोधा. नारायणरावांचा मृतदेह तिथूनच बाहेर नेला, म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात.