कल्चरचा रिपोर्ट तीन दिवसांनी का?

‘रक्त दिले, पैसे भरले, मग रिपोर्ट आजच का नाही?’ असे प्रयोगशाळेत येणारे अनेकजण मला विचारतात. साखरेचा, हिमोग्लोबिनचा रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो. मग कल्चरलाच दोन-तीन दिवस का? प्रश्न रास्त आहे. साखर नुसती मोजायची असते. जंतू मात्र आधी वाढवावा लागतो आणि मग ओळखावा लागतो.

विद्यापीठात वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्र शिकताना प्रात्यक्षिक परीक्षेत आम्हाला एक बंद नळी देत. तिच्यावर फक्त क्रमांक असे. आतला जंतू कोणता, हे पुराव्यानिशी शोधायचे. तुमच्या रक्त-लघवीचा तपासही याच पायऱ्यांनी चालतो. विषमज्वराचे, म्हणजे टायफॉइडचे, उदाहरण घेऊ.

पहिली पायरी रंगाची. डेन्मार्कचे डॉक्टर हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी १८८४ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. काचपट्टीवर जंतूंचा पातळ थर देऊन त्यावर जांभळा रंग, मग आयोडीन टाकतात. अल्कोहोलने धुऊन शेवटी तांबडा रंग देतात. काही जंतू जांभळेच राहतात, ते ‘ग्राम पॉझिटिव्ह’. ज्यांचा जांभळा रंग धुऊन जातो व जे गुलाबी दिसतात, ते ‘ग्राम निगेटिव्ह’. टायफॉइडचा जंतू गुलाबी काडीसारखा दिसतो. पण आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलायही अगदी तसाच दिसतो! म्हणजे नुसत्या सूक्ष्मदर्शकावर भागत नाही.

दुसरी पायरी पेरणीची. काचेच्या बशीत जंतूंचे खाद्य थिजवलेले असते. ते थिजवायला ‘अगार’ वापरतात. घरात पुडिंगसाठी आणतो ते चायनाग्रास म्हणजेच हे. १८८१ च्या सुमारास जर्मनीत फॅनी हेसे यांनी स्वयंपाकघरातल्या अनुभवावरून ते सुचवले. जिलेटिन ३७ अंशांना वितळते, अगार वितळत नाही. आणि जंतूंना तर आपल्या अंगाएवढी, ३७ अंशांचीच ऊब लागते. त्या उबेत रात्रभर ठेवले की सकाळी ठिपके दिसतात. एका ठिपक्यात लाखो जंतू असतात. खाद्यात दुधातली साखर आणि रंगदर्शक घातला असेल, तर ती साखर आंबवणाऱ्या ई. कोलायचे ठिपके गुलाबी होतात, टायफॉइडचे बिनरंगी राहतात.

तिसऱ्या पायरीत निरनिराळ्या साखरांच्या नळ्यांत तो जंतू सोडतात. टायफॉइडचा जंतू ग्लुकोजपासून आम्ल करतो, पण वायू करत नाही. शेवटी विशिष्ट सीरमच्या थेंबात त्याच्या गुठळ्या झाल्या, की ओळख पक्की.

चौथी पायरी रुग्णाच्या सर्वांत कामाची. जंतू पसरलेल्या बशीत निरनिराळ्या प्रतिजैविकांच्या चकत्या ठेवतात. चकतीभोवती पुरेसे मोकळे वर्तुळ पडले तर ते औषध चालेल. जंतू चकतीला भिडून वाढला तर चालणार नाही. टायफॉइडवर १९४८ पासून क्लोरॅम्फेनिकॉल वापरात आले. १९९० च्या सुमारास आपल्याकडे त्याला न जुमानणारे जंतू पसरले. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा आधार घेतला गेला. आज भारतातले बहुतेक टायफॉइड जंतू त्यालाही दाद देत नाहीत. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी तुम्हाला लागू पडेलच असे नाही.

आता मोठ्या प्रयोगशाळांतील यंत्रे काही मिनिटांत जंतूचे नाव सांगतात. पण त्यांनाही सहसा आधी वाढवलेला जंतूच द्यावा लागतो.

हा सारा खटाटोप वाया जातो तो बहुधा एकाच कारणाने. ताप आला की दुकानातून प्रतिजैविकाच्या दोन-चार गोळ्या घेतल्या जातात आणि उतार पडला नाही की मग रक्त दिले जाते. टायफॉइडमध्ये एक मिलिलिटर रक्तात बऱ्याचदा एखादाच जंतू असतो, कधी तोही नसतो. गोळीने तो अर्धमेला झाला की बाटलीत वाढत नाही. रिपोर्ट येतो ‘वाढ नाही’, आणि ताप मात्र चालूच! अशा वेळी एकट्या ‘विडाल’ तपासणीवर विसंबणेही बरे नव्हे. पूर्वीच्या आजारामुळे किंवा लसीमुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते.

म्हणून वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे :

• कल्चरचे रक्त प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी, शक्यतो तापाच्या पहिल्या आठवड्यात द्यावे. प्रौढाचे आठ-दहा मिलिलिटर, म्हणजे दोन चहाचे चमचे रक्त घेतात, घाबरू नये.

• आधी गोळ्या घेतल्या असतील तर लपवू नये.

• लघवी प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच द्यावी, घरच्या धुतलेल्या बाटलीत नको. सुरुवातीची धार सोडून मधली घ्यावी आणि लगेच पोचवावी.

• रुग्ण गंभीर असेल तर डॉक्टर नमुना घेऊन लगेच औषध सुरू करतात आणि रिपोर्टनुसार पुढे बदलतात. तेव्हा ‘रिपोर्ट येऊ द्या’ म्हणून औषध अडवू नये. बरे वाटले तरी ठरलेले दिवस पूर्ण करावेत.