धानपट्ट्यातील सायकल

सायकलविषयी आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा दोनच प्रसंगी. पेट्रोलचे भाव चढले म्हणजे, किंवा डॉक्टरांनी रक्तातील साखरेचा आकडा ऐकवला म्हणजे. दोन्ही वेळी ती औषध म्हणून पुढे येते आणि औषध म्हटले की ते नाइलाजाने घ्यावयाचे, हे ओघानेच आले. सायकल ही आनंदाची वस्तू आहे, हे क्वचितच कोणी सांगते. गोंदिया जिल्ह्यातील एखाद्या खेड्याच्या फाट्यावर शाळेच्या वेळी उभे राहणाऱ्यास मात्र ते कोणी सांगावे लागत नाही. गणवेशातील मुलींचे घोळके येतात, तिघी-तिघी एका ओळीत. एकीचा हात दुसरीच्या हँडलवर, गप्पा अखंड चाललेल्या, आणि मागून ट्रकचा भोंगा वाजला की क्षणात एकामागे एक रांग. औषध घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर असे हसू नसते.

आज जिला सायकल म्हणतात ती तशी फार जुनी वस्तू नाही. सारख्या उंचीची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळी, हा घाट जॉन केंप स्टार्ली या इंग्रज कारागिराने १८८५ साली रूढ केला. तीन वर्षांनी डनलॉपने हवा भरलेली धाव तयार केली आणि हाडे खिळखिळी करणारे हे वाहन सुसह्य झाले. त्यानंतर मूळ घाटात सांगण्यासारखा बदल झालेला नाही. भारतात ती प्रथम साहेबांची, मग वकील-डॉक्टरांची आणि स्वातंत्र्यानंतर सोनीपत-लुधियानाचे कारखाने उभे राहिल्यावर कारकुनाची व मास्तरांची झाली. विजारीला लावलेली क्लिप, नगरपालिकेचा पितळी बिल्ला, अंधार पडल्यावर दिव्याची तपासणी करणारा हवालदार आणि डबलसीट बसलेल्या मित्राने कोपऱ्यावर उतरून पायी चालत जाणे, हे ज्यांनी अनुभवले त्यांना तो काळ निराळा समजावून द्यावयास नको.

गोंदिया हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला जिल्हा. देवरी, सालेकसा या बाजूंचा डोंगराळ, जंगली मुलूख सोडला तर वैनगंगेच्या खोऱ्यातील ही भूमी बहुतांशी सपाट आहे. धानाच्या बांध्या, त्यांना पाणी पुरवणाऱ्या बोड्या व मालगुजारीच्या काळातील तलाव, आणि दोन-चार किलोमीटरांवर दुसरे गाव, अशी येथील रचना. पायी जावयास हे अंतर जरा जास्त, आणि बसची वाट पाहावी तर तेवढ्या वेळात पोहोचून व्हावे. माणूस तासाला पाच किलोमीटर चालतो. तेवढ्याच श्रमात सायकलवर पंधरा जातो. जणू या अंतराच्या मापानेच हे वाहन घडवले असावे. मनोहरभाई पटेल यांच्या पुढाकाराने १९५८ साली स्थापन झालेल्या गोंदिया शिक्षण संस्थेने जागोजागी शाळा काढल्या, गोंदियात महाविद्यालय आले. पण शाळा प्रत्येक गावात निघत नसते. घर आणि वर्ग यांच्यामधले ते चार-पाच किलोमीटर कोणीतरी तोडावे लागतात. ते काम सायकलने केले. या इतिहासात देणगीदारांची नावे कोनशिलांवर आहेत, सायकलचे कोठेच नाही.

कामाचा दिवस सोडून रविवारी ती घेऊन निघणाऱ्यांना या जिल्ह्याने निराळेच देणे दिले आहे. नागऱ्याच्या शिवमंदिरापर्यंतची फेरी गोंदियातील कोणाही कारकुनाला न्याहारीपूर्वी जमण्यासारखी आहे. अधिक उत्साह असेल त्याने थंडीच्या दिवसांत परसवाडा, झिलमिली या तलावांकडे जावे. महाराष्ट्रात सारस पक्षी आता मुख्यत्वे याच भागात उरला आहे आणि त्याचीही संख्या काही डझनांच्या पलीकडे नाही. माणसाच्या उंचीचा हा पक्षी जोडीने धानाच्या बांधीत उतरतो, तेथेच घरटे करतो, आणि काही शेतकरी त्या घरट्याभोवतीचे पीक राखून ठेवतात. त्याची साद दूरवर जाते; पण मोटारसायकलवरील माणसाला ती ऐकू येणे कठीण, कारण त्याचे स्वतःचे यंत्रच त्याच्या कानाशी बोलत असते. सायकलस्वाराला वारा, पाखरे, पंपाची धडधड, भातगिरणीच्या भुश्शाचा आणि पुढे मोहाच्या दिवसांत फुलांचा वास, सारे आपोआप मिळते. गाव मागे पडते तेही हळूहळू, ओळख ठेवून.

असे असता नोकरदारांच्या दारातून सायकल का नाहीशी झाली? हप्त्यावर मिळणारी मोटारसायकल हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. तीन किलोमीटरवरील कचेरीत जावयास कोणालाही इंजिन लागत नाही. लागते ती प्रतिष्ठा. सायकलने येणारा लिपिक म्हणजे कर्जात बुडालेला किंवा चिक्कू, असा समज कचेरीत असतो आणि मास्तरच दुचाकी उडवत आले तर पोरांनी काय शिकावे! शहरांतून आता हजारो रुपयांच्या गिअरच्या सायकली घेऊन पहाटे फिरणारी मंडळी दिसतात, ही चांगलीच गोष्ट. पण तीच मंडळी दहा वाजता मोटारीतून कामावर जातात आणि डबे लटकवून जाणाऱ्या दूधवाल्याला भोंगा देतात, तेव्हा सायकलचा मान वाढला की केवळ सायकलच्या किमतीचा, असा प्रश्न पडतो.

लाज न वाटता, रोज आणि कामासाठी सायकल चालवणारा मोठा वर्ग आज शाळकरी मुलींचा आहे. मानव विकास कार्यक्रमाखाली २०११ पासून राज्यातील मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकलचे अनुदान मिळू लागले. गोंदिया त्या जिल्ह्यांपैकी एक. २०२२ साली ही रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार करण्यात आली. बिहारने अशी योजना २००६ सालीच आणली होती. तिचा कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींच्या प्रवेशात ३२ टक्के वाढ आढळली; मुलगे व मुली यांच्यातील अंतर ४० टक्क्यांनी घटले होते. त्याआधी, १९९१च्या सुमारास, तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता चळवळीने अक्षरांबरोबर सायकलही शिकवली आणि शेतमजूर स्त्रिया हजारोंनी रस्त्यावर आल्या. वेळेवर घरी परतण्यासाठी बापाची वा भावाची वाट पाहावी न लागणे, याची किंमत ज्याला कधी वाट पाहावी लागली नाही त्याला कळणे अवघड आहे.

तथापि सायकल दिली की काम संपले, अशी सरकारी समजूत दिसते. घरात ती एकच असली की धान रोवणीच्या हंगामात बापाबरोबर बांधीवर जाते आणि मुलगी घरी राहते. तांदळाच्या पोत्यांनी लादलेले ट्रक ज्या रस्त्यांवरून धावतात, तेथे डांबराच्या कडेला साइडपट्टी खचलेली. पावसाळ्यात तर चाक खाली उतरले की वर येत नाही. रस्ता रुंद होतो तो मोटारींसाठी, सायकलला त्यातला हातभर तुकडाही राखून ठेवला जात नाही. आणि सर्वांत साधी अडचण पंक्चरची. भाड्याने सायकली देणारी दुकाने मोडली तशी खेड्यांतील दुरुस्तीची दुकानेही मोटारसायकलींकडे वळली. ट्यूब फुटलेली सायकल पडवीत भिंतीला टेकून उभी राहते, आठवड्याचा महिना होतो आणि हजेरीपटावर तिच्या मालकिणीच्या नावापुढे फुल्या पडत जातात.

यावर उपाय मोठ्या खर्चाचा नाही. प्रत्येक माध्यमिक शाळेत एक पंप, पान्यांचा एक संच, रबर सोल्यूशनची नळी आणि कार्यानुभवाच्या तासाला पंक्चर काढणे शिकवणारा एक शिक्षक, एवढे पुरेल. तो शिक्षक स्वतः सायकलवरून शाळेत येत असला तर सामानही त्याच्या पिशवीत असेलच.